आधी वीज, मग घड्याळ, मग सॉफ्टवेअर

नांदेडहून पूर्ण्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलं की पूर्णा जंक्शनच्या अलीकडे चुडावा लागतं. परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातलं गाव, दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातलं स्टेशन. अशा गावांत सर्व्हरची गाठ पडते ती बहुधा बँकेच्या खिडकीशी: “सर्व्हर डाऊन आहे, दुपारून या.” सर्व्हर म्हणजे कुठेतरी लांब असलेली, आपल्या हातात नसलेली वस्तू, हा समज तिथेच पक्का होतो. या प्रकरणात तीच वस्तू घरातल्या कपाटावर आणून ठेवायची आहे, आणि तिच्यावर सॉफ्टवेअर बसता बसत नाही तेव्हा काय करायचं ते पाहायचं आहे.

घरात सर्व्हर कशाला, हे आधी निकालात काढू. समजा, चुडाव्यातला एक तरुण लग्नाचं शूटिंग करतो. हल्लीचे बरेच कॅमेरे फोर-के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट या दराने लिहितात. म्हणजे तासाला ४५ गिगाबाइट. दोन कॅमेरे पाच-पाच तास चालले की एका लग्नाचे ४५० गिगाबाइट झाले; हळदीचं आणि ड्रोनचं वेगळं. हे सगळं इंटरनेटवर चढवायचं म्हटलं आणि अपलोडचा वेग सेकंदाला १० मेगाबिट मिळाला, तोही अखंड, तरी १०० तास लागतात. चार दिवसांवर. तोवर पुढची तिथी येते. मोठ्या कंपन्यांचा डेटा सांभाळणं हा स्वतंत्र धंदाच आहे. पुण्यात २००८ मध्ये सुरू झालेली द्रुवा ही कंपनी त्यातूनच मोठी झाली. एकट्या फोटोग्राफरच्या वाट्याला मात्र सुट्या हार्डडिस्क येतात. कपाटात सात-आठ पडलेल्या, त्यांवर मार्करने लिहिलेली आडनावं, आणि नेमकं हवं ते लग्न ज्या डिस्कवर आहे ती कोणीतरी मागून नेलेली.

घरचा स्टोरेज सर्व्हर म्हणजे एक जुना कॉम्प्युटर, त्यात दोन-तीन मोठ्या डिस्क आणि राउटरपर्यंत गेलेली लॅन केबल. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. सगळा कारभार दुसऱ्या कॉम्प्युटरच्या नाहीतर मोबाइलच्या ब्राउझरमधून. हा कारभार पाहणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी २००५ मध्ये फ्रीनास सुरू केलं. त्याच प्रकल्पात काम केलेल्या फोल्कर थाइले यांना ते डेबियन लिनक्सच्या पायावर हवं होतं. त्यांनी वेगळी चूल मांडली आणि २०११ मध्ये ओपनमीडियाव्हॉल्ट बाहेर पडलं. फ्रीनासचं नाव पुढे २०२० मध्ये ट्रूनास झालं. थाइले आपल्या आवृत्त्यांना ‘ड्यून’ या वाळवंटातल्या कादंबरीतून नावं देतात: सहावी शैतान, सातवी सँडवर्म. परभणीच्या मे महिन्यात ही नावं फारशी परकी वाटत नाहीत. पुढे जे लिहिलंय ते ओपनमीडियाव्हॉल्ट डोळ्यांसमोर ठेवून, कारण कमी ताकदीच्या जुन्या मशीनवर ते निभावून नेतं. इतरांनाही यातलं बरंच लागू पडेल. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. यंत्राला त्या रोमन अक्षरांतच द्याव्या लागतात.

इन्स्टॉलेशन फसलं की माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. तेच पुन्हा करून बघतो, नाहीतर दुसरं सॉफ्टवेअर उतरवतो. वर एक वाक्य ठरलेलं: “काल तर हा पीसी मस्त चालत होता!” पण काल त्याच्यावर काय चालत होतं? गाणी, एखादं पत्र, फार तर यूट्यूब. इन्स्टॉलर एकाच बैठकीत सगळ्यांची परीक्षा घेतो. हजारो बारीक फायली डिस्कवर लिहितो, शेकडो पॅकेजेस नेटवरून आणतो, त्यांच्यावरच्या डिजिटल सह्या तपासतो, तारखा जुळवतो, नेटवर्कची मांडणी नव्याने करतो. यंत्रात वर्षभर दबून राहिलेली खोट त्या तासाभरात वर येते आणि आळ सॉफ्टवेअरवर येतो. म्हणून शोध खालून घ्यायचा. आधी वीज, मग घड्याळ, मग डिस्क आणि नेटवर्क. सॉफ्टवेअरची पाळी सगळ्यांच्या शेवटी.

लाईट जाणं हा विजेचा सरळ प्रकार; गेली हे निदान कळतं तरी. खरा छळ डिम लाईटचा आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या झटक्यांचा. गावठाणाला आणि शेतीला एकाच फीडरवरून वीज असेल तर मोटारी सुरू झाल्या की डीपीवर भार येतो, पंखा मंदावतो, आणि कॉम्प्युटर कोणाला न सांगता रिस्टार्ट होतो. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये बाहेरची वीज तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरण्याएवढा साठा असतो. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर यायला यूपीएस मोडमध्ये १० ते २० मिलिसेकंद घेतो, साध्या मोडमध्ये त्याहून जास्त. म्हणजे सगळा मामला काठावरचा. बऱ्याच इन्व्हर्टरांना या दोन मोडचं एक छोटं बटण असतं, आणि डिम लाईटच्या गावात ते इकोवर म्हणजे साध्या मोडवरच ठेवलेलं बरं पडतं. यूपीएस मोडमध्ये व्होल्टेज १८० च्या आसपास उतरलं की इन्व्हर्टर लगेच बॅटरीवर जातो, मग बॅटरी दिवसभर पिळली जाते. इकोवर तो शंभर-सव्वाशे व्होल्टपर्यंत दम धरतो. पंख्याला आणि ट्यूबला ते चालतं, सर्व्हरला चालत नाही. इन्स्टॉलेशनपुरतं तरी बटण यूपीएसकडे करा. आणि घरात बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉप पडला असेल तर पहिले प्रयोग त्याच्यावर करा; त्याचा यूपीएस पोटातच आहे. बॅटरीचं पोट फुगलेलं दिसलं तर मात्र त्या लॅपटॉपला हात लावू नका.

रास्पबेरी पाय या तळहातात बसणाऱ्या कॉम्प्युटरवर हेच दुखणं वेगळ्या रूपात येतं. त्याला मोबाइलचा चार्जर लावला की तो सुरू होतो, म्हणून सगळं ठीक असं वाटतं. वर यूएसबीची हार्डडिस्क लावली की ती त्याच्याकडूनच वीज ओढते. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरची मर्यादा आहे. व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेलं की तो पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह दाखवतो. अडचण एवढीच की सर्व्हरला पडदाच जोडलेला नसतो. आपल्याला दिसते ती इन्स्टॉलेशनच्या मध्येच आलेली इनपुट-आउटपुट एरर, आणि दुकानदार म्हणतो, “हार्डडिस्क गेली भाऊ, नवी टाका.” नवी टाकण्याआधी ‘व्हीसीजेनकमांड गेट_थ्रॉटल्ड’ ही आज्ञा देऊन बघा. उत्तरात शून्याखेरीज काही आलं तर बहुधा वीज कमी पडतेय; आधी चार्जर आणि केबल बदला, किंवा डिस्कला स्वतंत्र वीज द्या.

इन्स्टॉलेशन चालू असताना लाईट गेलीच तर पुढच्या वेळी डेबियन आडमुठेपणा करतो. पॅकेज बसवण्याचं काम मध्येच तुटलं, आधी ते पुरं करा, अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो, आणि काय करायचं तेही त्याच ओळीत लिहिलेलं असतं: ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’. एवढी एक आज्ञा दिली की अर्धवट राहिलेली पॅकेजेस जागेवर येतात आणि गाडी पुढे सरकते. लोक ती ओळ न वाचता सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात करतात. दुसरा संदेश कुलपाचा: दुसरा कोणीतरी पॅकेजांची वही उघडून बसला आहे, तुम्हाला कुलूप मिळत नाही. हा दुसरा म्हणजे बहुतेक वेळा डेबियनचाच आपोआप अपडेट करणारा प्रोग्रॅम असतो. मशीन सुरू झाल्यावर तो पाठीमागे कामाला लागलेला असतो. नेट मंद असेल तर त्याला वेळ लागतो. या प्रसंगी कुलपाची फाइलच डिलीट करून टाका असा सल्ला सर्रास मिळतो. तो वाईट सल्ला आहे. दोन प्रोग्रॅम एकाच वहीत एकदम लिहू लागले की वही खराब होते. पंधरा-वीस मिनिटं थांबा.

आता घड्याळ. माझ्या मते गावाकडच्या फसलेल्या इन्स्टॉलेशन्समध्ये सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते याच्याकडे, कारण घड्याळ चुकलं तर कोणी “घड्याळ चुकलं” असं म्हणत नाही. “सर्व्हरवर विश्वास ठेवता येत नाही”, “प्रमाणपत्र अवैध”, “सही तपासता आली नाही” असे मोठमोठे आरोप पडद्यावर येतात आणि माणूस नेटकडे, नाहीतर हॅकरकडे बोट दाखवतो.

असं का होतं? पॅकेज ज्या संकेतस्थळावरून येतात त्याचं सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट प्रमाणपत्रं देते, आणि तिचं नेहमीचं प्रमाणपत्र ९० दिवसांचं. तुमचं मशीन सहा महिने मागच्या तारखेत जगत असेल तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्माला यायचं आहे. डेबियनच्या भांडारात पॅकेजांची जी यादी असते तिच्यावरही तारीख आणि सही असते. ती दिवसातून अनेकदा नव्याने तयार होते. मशीनचं घड्याळ यादीच्या मागे असलं की डेबियन चक्क सांगतो, ही यादी अजून २ तास ४० मिनिटं वैध नाही. हा संदेश ज्याने नीट वाचला त्याला निदान मिळालं. बहुतेक जण ‘वैध नाही’ एवढंच वाचतात.

जुन्या पीसीत हे घडतं ते मदरबोर्डवरच्या बटणासारख्या सेलमुळे. दुकानात त्याला सीमॉस सेल म्हणून मागा. त्याच्यावर सीआर२०३२ असं छापलेलं असतं, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. ३ व्होल्टचा हा लिथियम सेल पीसी बंद असताना घड्याळ चालतं ठेवतो. आठ-दहा वर्षांच्या पीसीत तो बहुधा संपलेला असतो. पीसी प्लगमध्ये असेपर्यंत त्याची गरज पडत नाही, म्हणून शहरात तो मेल्याचं वर्षानुवर्षं कळत नाही. लाईट गेली की पीसी थेट आपल्या बायोसच्या मूळ तारखेला जातो. लिनक्स इतका भोळा नाही. २०१० ची तारीख दिसली तर तो घड्याळ निदान स्वतःच्या बांधणीच्या तारखेपर्यंत पुढे ढकलतो. त्यानंतर किती काळ लोटला हे त्याला कसं कळणार? नेटवरून विचारूनच. आणि नेट तर अजून आलेलं नाही, कारण त्याच लाईटबरोबर राउटरही गेला होता.

रास्पबेरी पायची तऱ्हा आणखी गमतीची. पाय ४ पर्यंतच्या पायांत सेलवर चालणारं घड्याळच नाही. पाय ५ मध्ये ते आलं, पण सेल वेगळा घ्यावा लागतो. सेल नसलेला पाय अधूनमधून आणि बंद होताना वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि सुरू झाला की तिथूनच मोजू लागतो. लाईट चार तास गेली तर त्याच्या दृष्टीने ती गेलीच नव्हती. तो निदान चार तास मागे असतो. नेट आलं की मिनिटाभरात घड्याळ सुधारतं. म्हणून संध्याकाळी न झालेलं इन्स्टॉलेशन रात्री बिनबोभाट होतं, आणि ज्याने मध्ये काहीतरी उलटसुलट केलेलं असतं त्याला वाटतं, त्याचाच गुण आला.

तिसरा प्रकार विंडोजचा. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात आपली स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स तिथे जागतिक प्रमाणवेळ असल्याचं धरून चालतं. जुन्या विंडोज पीसीवर लिनक्स टाकलं की पहिल्यांदा घड्याळ साडेपाच तास पुढे दिसतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा असेल तर सेल ठीक आहे, फक्त दोघांचा करार वेगळा आहे, असं समजावं. फरक कसाही वेडावाकडा असेल तर सेल बदलावा.

तपासणी सोपी आहे. ‘टाइमडेटसीटीएल’ ही आज्ञा दिली की स्थानिक वेळ, जागतिक वेळ, मदरबोर्डची वेळ, आणि नेटवरून घड्याळ जुळलंय की नाही, हे सगळं एकाखाली एक येतं. हातातल्या मोबाइलशी ताडून पाहा. जुळलेलं नसेल तर एकदा हाताने तारीख-वेळ घाला. चार-दोन मिनिटांचा फरक राहिला तरी इन्स्टॉलेशनला पुरतं. कायमची सोय म्हणून टाइमसर्व्हर लागतो. भारतीय प्रमाणवेळ राखण्याचं काम नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते, आणि तिचा टाइमसर्व्हर नेटवर सगळ्यांना खुला आहे. पत्ता टाइम.एनपीएलइंडिया.ऑर्ग. डेबियनने स्वतः नेमलेले सर्व्हर मिळत नसतील तर हा घालून बघावा.

डिस्कबद्दल पहिला नियम चुकवू नये असा आहे. इन्स्टॉलेशनच्या वेळी डेटाच्या सगळ्या डिस्क केबल काढून बाजूला ठेवा. ओपनमीडियाव्हॉल्टचा इन्स्टॉलर ज्या डिस्कवर बसतो ती आख्खी घेतो. यादीत दोन सारख्याच आकाराच्या डिस्क दिसल्या आणि बोट चुकीच्या ओळीवर पडलं तर दोन हंगामांची लग्नं गेली. सिस्टिमसाठी जुनी छोटी एसएसडी घ्या. १६ गिगाबाइटचीही पुरते.

इन्स्टॉलर मध्येच थबकला, डिस्क वाचता येत नाही म्हणाला, तर डिस्कला मृत घोषित करण्याची घाई नको. प्रत्येक डिस्क स्वतःच्या दुखण्यांची नोंद ठेवत असते; तिला स्मार्ट म्हणतात. त्यात १९९ क्रमांकाची नोंद असते, सीआरसी त्रुटींची. हा आकडा वाढत असेल तर डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेत घोळ आहे, म्हणजे साटा केबल ढिली किंवा खराब आहे. केबल स्वस्त असते, डिस्क नसते. ५ आणि १९७ या नोंदी मात्र डिस्कच्या पृष्ठभागाबद्दल बोलतात. त्या वाढत असतील तर ती डिस्क डेटासाठी वापरू नका. उलट बाजूही सांगायला हवी. गुगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या डिस्कांपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कांनी स्मार्टमध्ये आधी कसलीच खूण दिलेली नव्हती. म्हणजे स्मार्ट स्वच्छ आहे ही चांगली बातमी, पण हमीपत्र नव्हे. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात भर दुपारी इन्स्टॉलेशन करू नका, हे वेगळं सांगायला नको. बहुतेक डिस्कांची मर्यादा ६० अंशांच्या आसपास किंवा थोडी वर असते आणि बंद डब्यातलं तापमान खोलीपेक्षा बरंच चढतं.

इन्स्टॉलेशन झालं, डेटाच्या डिस्क पुन्हा लावल्या, आणि त्या दिसतात पण वापरता येत नाहीत, हा पुढचा टप्पा. विंडोजवर वापरलेली डिस्क असेल तर तिच्यावर फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही, असं पुष्कळदा घडतं. विंडोज ८ पासून पीसी शटडाऊन केला तरी तो पुरता बंद होत नाही. लवकर सुरू व्हावा म्हणून अर्धा झोपतो आणि डिस्कवर “मी परत येणार आहे” अशी खूण सोडून जातो. लिनक्स त्या खुणेचा मान राखतो आणि लिहायला नकार देतो. डिस्क परत विंडोजला लावा, फास्ट स्टार्टअप बंद करा, नीट शटडाऊन करा, मग आणा. जुन्या पद्धतीच्या एमबीआर विभागणीत २ टेराबाइटच्या पुढची जागा मोजताच येत नाही. ४ टेराबाइटची डिस्क निम्मीच दिसली तर कारण तेच.

नेटवर्कच्या तक्रारींत एकच फार मोठी, बाकीच्या किरकोळ. इन्स्टॉलेशन सुरळीत संपतं, मशीन रिस्टार्ट होतं आणि ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही. बहुतेक वेळा सर्व्हर जिवंत असतो, फक्त राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो. काल १९२.१६८.१.५ होता, आज १९२.१६८.१.९ झाला. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते, तिथे शोधा. सापडला की राउटरमध्येच तो पत्ता त्याच्या नावावर कायमचा राखून ठेवा. ब्राउझरने आपण होऊन एचटीटीपीएस लावलं असेल तर साधं एचटीटीपी करून बघा. तरी नाही उघडलं तर एकदाच मॉनिटर जोडून ‘ओएमव्ही-फर्स्टएड’ चालवा. नेटवर्क, पासवर्ड, वेबपान यांची दुरुस्ती तिथून मेनूने होते. पॅकेज आणताना शून्य टक्क्यांवर गाडी अडून राहिली तर आयपीव्ही६ चा रस्ता अर्धवट आहे का ते पाहावं आणि पॅकेजेस उतरवणाऱ्या ॲप्ट या प्रोग्रॅमला आयपीव्ही४ नेच जायला सांगावं. आणि घरात सगळं उत्तम चालतं पण नांदेडच्या फोटो लॅबमधून उघडत नाही, ही इन्स्टॉलेशनची चूक नाही. मोबाइल कंपन्या शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर बाहेरून दार ठोठावण्याची सोयच नाही. त्यावर वायरगार्डसारखा बोगदा हा उपाय आहे, पण त्याला बाहेर एक ठिकाण लागतं. तो विषय पुढच्या प्रकरणात.

इतकं सगळं तपासल्यावर मग सॉफ्टवेअर. ओपनमीडियाव्हॉल्ट सात डेबियन १२ वर बसतं. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ आलं, आणि नवं ते चांगलं म्हणून लोक आधी ते टाकतात, मग त्यावर सात बसवायला जातात. ते बसत नाही. डेबियन १३ ने ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणंही थांबवलं आहे. दुसरी हमखास चूक डेस्कटॉपची: डेबियन टाकताना डेस्कटॉपच्या चौकटीतली खूण काढायची राहून जाते. डेस्कटॉपचं नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम आणि ओपनमीडियाव्हॉल्ट मग एकाच केबलवर हक्क सांगतात. डेबियनचा चित्रमय इन्स्टॉलर मराठीत आहे, आणि अभिमान वाटावा असंच ते काम आहे. तरी या कामापुरतं मी इंग्रजी निवडायला सांगेन. एरर आली तर तिचा शब्दन्‌शब्द शोधावा लागतो, आणि लॉगमधल्या ओळी इंग्रजीतच असतात.

लॉग वाचताना नजर आपोआप शेवटच्या ओळीवर जाते. तिथे लिहिलेलं असतं, अमुक पॅकेज बसवता आलं नाही. हे तर दिसतंच आहे. वर जा, चाळीस-पन्नास ओळी, जिथे पहिल्यांदा काहीतरी बिनसलं तिथवर. तिथे कदाचित एवढंच सापडेल की डिस्कवर जागा उरलेली नाही, कारण सिस्टिम ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर टाकली होती आणि तो भरला. इन्स्टॉलर चालू असतानाही त्याचा लॉग चौथ्या पडद्यावर सतत धावत असतो. आल्ट आणि एफ४, चित्रमय इन्स्टॉलरमध्ये त्याला कंट्रोलची जोड. निळ्या पडद्यावरची गोल गोल बोलणारी सूचना वाचण्यापेक्षा तो पडदा पाहणं कितीतरी उपयोगाचं.

सॉफ्टवेअर कधीच दोषी नसतं असं मात्र नाही. बिल गेट्स यांनी जानेवारी २००७ मध्ये घरगुती सर्व्हरसाठी विंडोज होम सर्व्हर जाहीर केलं होतं. वर्षअखेरीस मायक्रोसॉफ्टने मान्य केलं की एकाहून अधिक डिस्क असलेल्या होम सर्व्हरवर काही ठरावीक प्रोग्रॅममधून फायली थेट उघडून सेव्ह केल्या तर त्या खराब होऊ शकतात. त्यांत फोटोंचा प्रोग्रॅमही होता. दुरुस्ती आली ती जुलै २००८ मध्ये, पॉवर पॅक १ या नावाने. मधले सहा-सात महिने लोकांना सल्ला एकच: फाइल आधी आपल्या पीसीवर घ्या, तिथे काम करा, मग परत ठेवा. इथे वीज, घड्याळ, केबल कोणाचाच दोष नव्हता. पण ही चूक एका घरात सापडलेली नव्हती. तीच लक्षणं ठिकठिकाणी दिसत होती. तुमच्या एकट्याच्याच मशीनवर काहीतरी अगम्य घडत असेल तर कारण त्या मशीनच्या आसपास शोधा. सगळीकडे एकच गोष्ट घडत असेल तर सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीची वाट पाहा.

शोध किती वेळ घ्यायचा यालाही मर्यादा हवी. सिस्टिम वेगळ्या एसएसडीवर आणि डेटा वेगळ्या डिस्कवर ठेवला असेल तर पहिल्यापासून इन्स्टॉल करणं हा पराभव नाही. चांगल्या नेटवर ते तासाभराचं काम आहे, आणि एक संध्याकाळ लॉगशी झोंबण्यापेक्षा स्वस्त. अट एवढीच की वीज, घड्याळ आणि केबल आधी दुरुस्त झालेल्या असाव्यात, नाहीतर तोच खड्डा पुन्हा. नवं सॉफ्टवेअर बसलं की डेटाच्या डिस्क लावा आणि स्टोरेजमधल्या फाइल सिस्टिम्सच्या पानावर जा. तिथे वरच्या पट्टीत दोन बटणं शेजारी शेजारी आहेत. अधिकच्या चिन्हाचं बटण नवी फाइल सिस्टिम तयार करतं, म्हणजे डिस्क पुसतं. त्रिकोणी बाणाचं बटण डिस्कवर आधीपासून असलेली फाइल सिस्टिम जशीच्या तशी जोडून घेतं. तुम्हाला बाण हवा आहे. यादीत डिस्क दिसली नाही तरी अधिकला हात लावू नका. मशीन बंद करा, केबल पुन्हा बसवा आणि यादी परत उघडा.